फॅक्सचा रकाना

सोमवारी सकाळी मी नेहमीसारखी धावतपळत आले, पर्स खुंटीला अडकवली, खुर्ची ओढून धपकन बसले आणि टेबलाखालून आवाज आला, “आई गं…”

खुर्चीचं चाक कुणाच्या तरी बोटांवर गेलं होतं. मी दचकून उठायला गेले, तर खुर्ची मागे सरकायच्या ऐवजी पुन्हा त्याच बोटांवरून पुढे आली. मग टेबलाखालून आधी एक वायर बाहेर आली, तिच्यामागून विस्कटलेले केस आणि केसांखाली एक चेहरा – धुळीने माखलेला, डोळ्यांत पाणी, आणि तरी हसणारा. हसण्यासारखं काय होतं देव जाणे. न विचारता दुसऱ्याच्या टेबलाखाली शिरलेल्या माणसाने निदान ओशाळं तरी दिसावं.

“मी अपग्रेड करायला आलोय,” बोटं झटकत तो म्हणाला.

“कुणाला?”

“तूर्तास तुमच्या संगणकाला.”

तूर्तास म्हणे. मला त्याचा राग आला तो पहिल्या मिनिटापासून असा, आणि पुढचे अडीच आठवडे तो काही केल्या उतरला नाही.

मी रक्तपेढीत काम करते. रक्त काढणं, तपासणं, साठवणं हे सगळं आतल्या खोल्यांत चालतं. माझं काम फोनचं. कुणाला रक्त लागलं की यादीतून त्या गटाचे दाते शोधायचे, त्यांना फोन लावायचे आणि गोड बोलून बोलावून घ्यायचं. सहा वर्षं मी हेच करतेय. चार हजार दात्यांची यादी अकरा वर्षांपूर्वी घेतलेल्या एका प्रोग्रॅममध्ये होती. तो प्रोग्रॅम सकाळी उघडायला चार मिनिटं घ्यायचा, मधेच रुसायचा, पण मला त्याच्या सगळ्या खोडी पाठ होत्या. आता तो बनवणाऱ्या कंपनीने कळवलं की जुनी आवृत्ती आम्ही सांभाळणार नाही, नवी घ्या. आणि जुन्यातली माणसं नव्यात हलवायला कंपनीने हा प्राणी पाठवला. आठवड्याभरात अख्खी रक्तपेढी त्याला ‘अपग्रेडसाहेब’ म्हणायला लागली.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरबाईंनी सगळ्यांना बसवून घेतलं. डॉक्टरबाई म्हणजे आमच्या प्रमुख. आवाज कधी चढत नाही, पण चष्म्यावरून नुसतं बघितलं तरी माणूस न केलेला गुन्हा कबूल करतो. अपग्रेडसाहेबांनी कागद काढला आणि जुन्या प्रोग्रॅममधला एकेक रकाना वाचायला घेतला. कुठला नव्यात न्यायचा, कुठला सोडायचा. नाव, वय, रक्तगट, पत्ता, फोन… आणि मग त्याने माझ्याकडे बघून विचारलं, “फॅक्स? हा कुणी वापरतं का?”

आता या फॅक्सचं मला सांगायलाच हवं. जुन्या प्रोग्रॅममध्ये शेरा लिहायला जागाच नव्हती. फॅक्सला मात्र होती, चाळीस अक्षरांची, आणि फॅक्स कुणाकडेच नव्हता. माझ्या आधी इथे बसणाऱ्या बाईंनी त्या रकान्यात दात्यांबद्दल लिहायला सुरुवात केली आणि मी ती पुढे चालवली. ‘दुपारी झोपतात, चारनंतर फोन.’ ‘डावाच हात, उजव्यात नस सापडत नाही.’ ‘सुई बघू देऊ नये, गप्पा मारा.’ ‘हे उचलत नाहीत, बायकोला लावा’ आणि पुढे बायकोचा नंबर. दाता वेळेवर येतो तो या रकान्यामुळे, नुसत्या फोननंबरामुळे नाही. माझी सहा वर्षं त्या रकान्यात होती.

पण दोन वर्षांपूर्वी एका दात्याने माझ्या खांद्यावरून वाकून स्वतःचा शेरा वाचला. तिथे ‘फार बोलतात, अर्धा तास जास्त ठेवा’ असं होतं. त्याने डॉक्टरबाईंकडे तक्रार केली, अर्धा तास. मग डॉक्टरबाईंनी लेखी काढलं की ज्या रकान्यात जे लिहायचं तेच लिहा, आणि खाली माझी सही घेतली. त्यानंतरही मी लिहीतच राहिले. फक्त पडदा भिंतीकडे वळवला.

तर भर बैठकीत, डॉक्टरबाई समोर बसलेल्या असताना मी काय सांगणार? मी हसून म्हटलं, “आजकाल फॅक्स असतो तरी कुणाकडे?” सगळे हसले, तोही हसला, आणि त्याने त्या ओळीवर काट मारली. पण जुन्यातून नव्यात बदली पुढच्या आठवड्यात शनिवारी होणार होती. म्हटलं, दहा-अकरा दिवस आहेत, जमेल तसं सगळं वहीत उतरवून घेऊ. कुणाला कळणारही नाही.

पण उतरवून घ्यायला तो समोरून हलला पाहिजे ना. नेटवर्कच्या वायरीची खोबण माझ्या टेबलाशी, म्हणून हा माझ्याच टेबलाच्या पलीकडे लॅपटॉप मांडून बसला. दिवसभर. मी वही काढली की हा मान वर करून विचारायचा, काय लिहिताय. मी हिशेब म्हटलं की, कसला. वाणसामान म्हटलं की, एवढं? आणि दात्यांसाठी ठेवलेली बिस्किटं… रक्त दिल्यावर अशक्तपणा वाटू नये म्हणून ठेवलेली बिस्किटं हा येता-जाता उचलायचा. तिसऱ्या दिवशी मी डबा उचलून माझ्या मांडीवर ठेवला.

“ही रक्त देणाऱ्यांची आहेत,” मी म्हटलं.

“मग माझीच की.” त्याने खिशातून कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं. आधीच्या गावात, आधीच्या रक्तपेढीत महिन्यापूर्वीच रक्त दिलेलं. त्याच्या आधी तिसऱ्याच गावात. आणखी दोन महिने थांबावं लागेल, नाहीतर तुम्हालाही दिलं असतं, म्हणाला. मी कार्ड उलटंसुलटं करून बघितलं, शिक्के खरे होते. मग काय, निमूटपणे डबा टेबलावर ठेवला. त्याने दोन बिस्किटं घेतली आणि एक माझ्यापुढे सरकवलं. अशा वेळी माणसाला किती चिडायला होतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

चाचणीची यादी पहिल्यांदा नव्यात आली तेव्हा तर विचारू नका. तीनशे दात्यांचं वय शून्य. एक बाप आणि मुलगा, आद्याक्षरं सारखी म्हणून एकच माणूस झालेले. जन्मतारीख नसेल तर नवा प्रोग्रॅम पुढेच जाऊ देईना, आणि लोकांना फोन करून ‘तुमचा जन्म कधीचा’ विचारलं की बायका फोन ठेवून द्यायच्या. मी चुकांचा कागद करून रोज सकाळी त्याच्यापुढे आपटायची. तो एकेक चूक दुरुस्त करायचा, कधी तोंड वाकडं केलं नाही, आणि म्हणूनच मला जास्त राग यायचा.

“तुमच्या नव्याला काही समजतं का?” एकदा मी वैतागून विचारलं.

“नव्याला जुनं समजतं,” तो म्हणाला. “जुन्याला नवं समजत नाही. एकदा इकडे आलं की मागे जाता येत नाही.”

“आमच्याकडे उलट आहे. आई वहिनीचं सगळं समजून घेते, वहिनीला आईचं ओ की ठो कळत नाही.”

“आणि तुम्ही कुठल्या आवृत्तीत मोडता?”

“मी दुरुस्तीपलीकडची आहे.”

“मी पाहतोय ना गेले आठ दिवस,” तो म्हणाला, आणि की-बोर्डकडे न बघता टाइप करत माझ्याकडे बघत राहिला… मला दात्याला फोन लावायचा होता. कुणाला, ते आठवेना. शेवटी समोरच्या प्रसूतिगृहाच्या चौकशीला फोन लावून किती वाजले ते विचारलं.

घरी मी आल्या-आल्या त्याच्या तक्रारी सुरू करायची. आज हे केलं, आज ते मोडलं, आज माझ्या पेनाचं टोपण चावलं. आई ऐकून घ्यायची. वहिनी भाजी निवडता निवडता एकदा म्हणाली, “वन्सं, लग्न ठरायच्या आधी मीही तुमच्या दादांवर अशीच चिडायचे. ज्याच्यावर इतकं चिडायला होतं, त्याला एकदा घरी आणा.” मी म्हटलं, तुझं आपलं काहीतरीच. पण त्या रात्री जेवताना मी त्याच्याबद्दल एक अक्षर काढलं नाही, आणि न बोलण्यानेच सगळ्यांना काय ते कळलं.

वहीत जेमतेम नव्वद दात्यांचे शेरे उतरले होते, तेवढ्यात घात झाला. शनिवारची बदली त्याने गुरुवारीच उरकली. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, तयार असेल तर थांबता कशाला. शुक्रवारी सकाळी मी आले तर टेबलावर नवाकोरा संगणक, आणि जुना गायब. यादी लखलखीत, वयं बरोबर, बापलेक वेगळे. फॅक्सचा रकाना नाही. वहीतले नव्वद सोडले तर तीनशेच्या वर माणसांचं सगळं गेलं.

“काही राहिलंय का?” त्याने विचारलं. त्याच्या आवाजात अशी काही आशा होती की मी शाबासकी देईन.

राहिलंय, असं म्हणायला एक क्षण पुरला असता. पण म्हणजे खोटं बोलले हे सांगणं आलं, डॉक्टरबाईंपुढे सही मोडल्याचं सांगणं आलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी नाही म्हटलं. वर, तुम्ही दोन दिवस आधी का केलंत, यावरून त्याच्याशी कडकडून भांडले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

त्याच्या कामाचा शेवटचा टप्पा भिंतीवरच्या वेळापत्रकात लिहिलेला होता. सोमवारी जुना संगणक पूर्ण पुसायचा, म्हणजे दात्यांची माहिती बाहेर जायला नको, आणि काम संपलं. सोमवार गेला. मंगळवार गेला. बुधवारीही तो समोर बसलेलाच. काम संपलं ना, मी विचारलं, तर लहानसहान दुरुस्त्या आहेत म्हणाला. कसल्या, ते सांगेना. मी चडफडत होते, आणि रोज सकाळी जिना चढताना तो अजून असेल ना, म्हणून दोन-दोन पायऱ्या घेत होते. दोन्ही खरं.

गुरुवारी साडेअकराला समोरच्या प्रसूतिगृहातून फोन आला. एका बाईचं चार वाजता ऑपरेशन करायचं ठरलंय, बाळ आडवं आहे, पुढे ढकलता येणार नाही. रक्तगट ओ निगेटिव्ह. दोन पिशव्या हाताशी असल्याशिवाय तिथले डॉक्टर सुरुवात करणार नाहीत. नाहीतर तिला तीन तासांवरच्या मोठ्या दवाखान्यात हलवायचं, आणि त्या अवस्थेत तो प्रवास धोक्याचा. आमच्या फ्रिजमध्ये त्या गटाची एकच पिशवी होती. दाता एकच्या आत आला तर तपासण्या चारपर्यंत होतील, डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि आत गेल्या.

गावात राहणारे ओ निगेटिव्हचे अकरा दाते. सहाजणांनी मागच्या महिन्यातल्या शिबिरात दिलेलं. दोघे परगावी. एकीला ताप. एकाचा नंबरच बदललेला. उरले ड्रायव्हिंग शिकवणारे काका. त्यांना लावला, बंद. पुन्हा बंद. आणि मग मला आठवलं, शिकवताना ते फोन बंदच ठेवतात. फॅक्सच्या रकान्यात कुणाचा तरी नंबर होता, दुकानाचा… त्यांच्या कुणा नातेवाइकाचा. शेवटी सत्तावीस की बहात्तर? मी दोन्ही लावून बघितले. एक लागलाच नाही, दुसऱ्यावर एका आजोबांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. वही उघडली, त्यात काका नव्हते. बारा वाजायला आले होते.

मी समोर बघितलं. तो आधीच माझ्याकडे बघत होता, टायपिंग थांबवून.

“मी तुमच्याशी खोटं बोलले,” मी म्हटलं, आणि एका दमात सगळं सांगून टाकलं – रकाना, शेरे, सही, वही, काका.

त्याचा चेहरा उतरला. “चारशे बारा,” तो हळूच म्हणाला. “नवा प्रोग्रॅम त्या रकान्यात चारशे बारा चुका दाखवत होता. मला वाटलं कचरा आहे. एकदा उघडून बघायला हवं होतं मी. तुम्ही म्हणालात म्हणून…”

“माझ्यावर विश्वास ठेवायला कुणी सांगितलं होतं?” मला रडूच यायला लागलं. “आणि आता जुना तुम्ही पुसून बसलात.”

त्याचे कान लाल होत गेले.

“नाही पुसला,” तो म्हणाला.

का नाही पुसला, हे विचारायला वेळ नव्हता. आम्ही मागच्या कोठीत धावलो. तिथे मोडका वजनकाटा, बिनचाकाची खाट आणि जुने पंखे, आणि सगळ्यात मागे भिंतीशी माझा संगणक, चादर पांघरलेला. चादरही त्यानेच घातली असणार. की-बोर्ड सापडेना, नव्याचा आणला तर त्याची पिन जुन्याला बसेना. शेवटी पंख्यांच्या ढिगाखाली जुना की-बोर्ड सापडला, आणि हा गुडघ्यांवर बसून पिनेची दिशा नीट बघायला लागला.

“अरे लाव ना ती, बघत काय बसलायस?” मी ओरडले. त्याला मी पहिल्यांदाच ‘अरे’ म्हटलं, आणि त्या गडबडीत दोघांच्याही ते लक्षात आलं.

संगणक सुरू झाला. चार मिनिटं. सहा वर्षं रोज सकाळी ही चार मिनिटं मी चहाच्या नावाखाली घालवली होती. आज एकेक सेकंद दिसत होता. जागा इतकी अरुंद की त्याचा खांदा माझ्या खांद्याला टेकलेला. माउसवरच्या त्याच्या हाताला माझा हात लागला तेव्हा त्याच्या दोन बोटांची नखं अजून काळीनिळी दिसली. दुखतंय का, मी विचारलं. तो नाही म्हणाला. मग म्हणाला, थोडं. दोघांनीही हात हलवला नाही, आणि पडद्यावर यादी उघडली.

‘शिकवताना बंद. डावा हात. मेव्हणी, शिवणाचं दुकान’, आणि पुढे नंबर. शेवटी सव्वीस होते. सत्तावीसही नाही, बहात्तरही नाही.

मेव्हणी भली बाई. म्हणाली, भावोजींची गाडी दर वीस मिनिटांनी दुकानावरून जाते, थांबवते. सुई-दोरा टाकून ती रस्त्यात उभी राहिली असावी. एकला दहा कमी असताना छपरावर शिकाऊची पाटी लावलेली एक गाडी आमच्या फाटकाशी येऊन बंद पडली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा बंद पडली. स्टिअरिंगवर एक घामाघूम झालेल्या आजी होत्या आणि शेजारी काका, बाही आधीच वर केलेली. शिकवणी मधे सोडता येत नव्हती, म्हणून यांनाच चालवायला लावलं, ते म्हणाले. आजींना आम्ही पाणी दिलं. काकांचा डावा हात घ्या, हे मी आत ओरडून सांगितलं. तेही आत्ताच वाचलं होतं.

दोन वाजता डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना बोलावलं. नंबर कुठून मिळाला, एवढंच त्यांनी विचारलं. तो पटकन म्हणाला, चूक त्याची होती, बदली करताना एक रकाना त्याच्याकडून राहिला. म्हणजे माझं नाव कुठेच नाही. मी त्याच्याकडे बघितलं. या माणसाच्या नोकरीचा प्रश्न होता. कंपनीला कळलं तर पुढचं काम त्याला मिळालं नसतं. आणि हा खुशाल माझं ओझं उचलून उभा.

“तो खोटं सांगतोय,” मी म्हटलं. “त्याने मला विचारलं होतं, तुमच्यासमोर. मी लपवलं. तुम्ही नको म्हटल्यावरही मी दोन वर्षं त्या रकान्यात लिहीत होते.”

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मला वाटलं, संपलं. मग त्या म्हणाल्या, “अगं, लिहू नको म्हटलं ते लोकांना दिसेल असं लिहू नको म्हणून. तुला एवढी गरज होती तर येऊन भांडायचं होतंस माझ्याशी. त्याच्याशी भांडतेस तेवढं.” मला लेखी ताकीद मिळेल, असंही त्यांनी सांगितलं. आणि नव्या प्रोग्रॅममध्ये शेऱ्यासाठी वेगळी जागा करून, प्रत्येक दात्याला विचारून, दोन दिवसांत त्या चारशे बारा नोंदी आम्ही दोघांनी भरायच्या.

मग त्या त्याच्याकडे वळल्या. “आणि जुना संगणक सोमवारी पुसायचा होता. आज गुरुवार आहे. मला तुमच्या कंपनीला कळवावं लागेल. कारण काय लिहू?”

तो जमिनीकडे बघत होता. मला वाटलं आता काहीतरी थाप मारेल, पिन, वायर, वीज. त्याने मान वर केली.

“पुसला की काम संपतं, मॅडम. काम संपलं की मला जावं लागतं. मला जायचं नव्हतं.”

“का?”

“ह्या इथे बसतात म्हणून.”

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. इतके दिवस माझ्याशी बिस्किटांवरून वाद घातले, आणि हे सांगायला याला डॉक्टरबाईंची खोली मिळाली.

“हे मी पत्रात लिहू शकत नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी ‘तांत्रिक अडचण’ असं लिहिलं आणि आम्हाला बाहेर जायला सांगितलं.

साडेपाचला प्रसूतिगृहातून फोन आला. आई आणि मुलगी, दोघी सुखरूप. मी फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकून पोटभर रडले.

दोन दिवस आम्ही शेजारी बसून नोंदी भरल्या. मी फोन करायची, तो लिहायचा. मधल्या वेळात तू-तू मैं-मैं होतच होतं, फक्त आता खरोखरच तू-तू होतं. गुरुवारी त्या खोलीत तो जे बोलला, त्याबद्दल मात्र तो अवाक्षर काढेना. शुक्रवार गेला. मी वाट बघून बघून वैतागले. ज्याने डॉक्टरबाईंपुढे तोंड उघडलं, त्याला माझ्यापुढे काय झालं?

शनिवारी दुपारी चारशे बारावी नोंद झाली. कोठीत जाऊन त्याने पुसायचा प्रोग्रॅम लावला. चाळीस मिनिटं लागतील म्हणाला. आम्ही बिनचाकाच्या खाटेवर बसलो. पडद्यावर आकडा चढत होता. बावीस टक्के. एकतीस. तो म्हणाला, संध्याकाळच्या गाडीने निघेन. पुढचं गाव पाच तासांवर आहे. तिथे एका शाळेची यादी हलवायची आहे, महिनाभर लागेल. मी हं म्हटलं. अठ्ठेचाळीस. तो म्हणाला, तिकडून फोन करेन, काही चूक निघाली तर कळव. पंचावन्न.

“काही चूक निघाली तर?” माझा बांध फुटला. “मी मुद्दाम चुका करत बसू का तुला फोन करायला मिळावा म्हणून? तू वायर तपासायला येणार, मी वयं चुकवणार, असं जन्मभर करत राहायचं?”

“नाही, म्हणजे… मला वाटलं, त्या दिवशी मी बोललो ते तुम्हाला… तुला आवडलं नसेल. तू काही बोलली नाहीस.”

“तू मला सांगितलंस कुठे? तू डॉक्टरबाईंना सांगितलंस.” मला इतका राग आला होता की डोळ्यांत पाणी आलं. “मला तू आवडतोस. पहिल्या दिवसापासून डोक्याला ताप आहेस, आणि तरी आवडतोस. दोन-दोन पायऱ्या चढून येते मी रोज. आता बोल.”

त्याने माझा हात हातात घेतला, त्या काळ्यानिळ्या बोटांत, आणि नीट धरून ठेवला. मग म्हणाला, इथे राहायला आता त्याच्याकडे एकही कारण उरलेलं नाही, सगळी कामं संपली. पडद्यावर आकडा शंभरवर गेला आणि माझा सहा वर्षांचा संगणक काळा झाला.

“कारण लागत नाही,” मी म्हटलं. “मी बोलावतेय म्हणून यायचं. उद्या नाही, पुढच्या रविवारी. आईला भेटायचं, वहिनीची थट्टा ऐकून घ्यायची, दादाच्या चौकशीला उत्तरं द्यायची. त्यानंतरच्या रविवारीही यायचं. जमेल?”

त्याने गंभीरपणे मान हलवली. पाच तास जायचे, पाच तास यायचे, हा हिशेब त्याच्या चेहऱ्यावर मला दिसत होता, आणि तो कुठेही अडला नाही.

“किती वाजता येऊ?” त्याने विचारलं.

काय म्हणावं या माणसाला.

“उठलास की नीघ,” मी म्हटलं.